हरितगृह वायूंची राष्ट्रीय सूची आणि तिचे सॉफ्टवेअर : वर्धा जिल्ह्याच्या उदाहरणांतून

एका वर्षात देशातून किती कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि इतर हरितगृह वायू हवेत गेले आणि जंगल-मातीने त्यातले किती शोषून घेतले, याचा जो अधिकृत हिशेब प्रत्येक देश संयुक्त राष्ट्रांना देतो, त्याला राष्ट्रीय हरितगृह वायू सूची (इन्व्हेंटरी) म्हणतात. देशाच्या सीमेवर असे कोणतेही यंत्र नाही, जे धूर मोजून हा आकडा सांगेल. तो हिशेबानेच काढावा लागतो. वापरलेला कोळसा, विकलेले डिझेल, शेतात पडलेला युरिया, गोठ्यातली जनावरे, गावाबाहेर साठलेला कचरा अशा हजारो नोंदी एकत्र करून तो तयार होतो. या नोंदी ठरलेल्या पद्धतीने मांडण्यासाठी खास सॉफ्टवेअर असते आणि ते नीट वापरले जावे म्हणून तांत्रिक सल्लागारांची गरज लागते.

हा विषय दिल्ली किंवा जिनिव्हाचा वाटतो, पण त्याची मुळे तालुक्याच्या पातळीवर आहेत. कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती, गवळाऊ गुरे, पोलाद कारखाना, छोटी शहरे आणि बोर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल असे सगळे असलेला वर्धा जिल्हा हा हिशेब समजून घ्यायला सोयीचा आहे.

हिशेबाचे मूळ सूत्र

सूचीतले बहुतेक आकडे एका साध्या गुणाकारातून येतात :

उत्सर्जन = घडामोडीचा आकडा × उत्सर्जन गुणांक

घडामोडीचा आकडा म्हणजे किती झाले : किती लिटर डिझेल जळले, किती टन युरिया पडला, किती म्हशी होत्या. उत्सर्जन गुणांक म्हणजे त्यातल्या एका एककामागे किती वायू निघतो. उदाहरणार्थ, एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

वेगवेगळ्या वायूंची उष्णता धरून ठेवण्याची ताकद वेगळी असते. बेरीज करता यावी म्हणून सगळ्यांचे रूपांतर 'कार्बन डायऑक्साइड समतुल्य' या एकाच मापात करतात. पॅरिस करारानुसार द्यायच्या अहवालांसाठी शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनचा भार २८ आणि नायट्रस ऑक्साइडचा २६५ धरला जातो. म्हणजे एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा.

उत्सर्जनाचे स्रोत चार मोठ्या गटांत बसवलेले असतात : ऊर्जा, औद्योगिक प्रक्रिया आणि उत्पादनांचा वापर, शेती, वनं आणि इतर जमीन वापर, कचरा आणि सांडपाणी. भारताच्या अहवालांत शेती आणि जमीन वापर हे दोन गट वेगळे दाखवले जातात.

हे नियम हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, घालून दिले आहेत. त्यांची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वे हा आजचा पाया आहे. २०१९ मध्ये त्यात सुधारणा जोडल्या गेल्या. हे काम पाहणाऱ्या आयपीसीसीच्या कार्यदलाचा तांत्रिक साहाय्य विभाग १९९९ पासून जपानमध्ये आहे.

भारताचा हिशेब

भारताने १९९३ मध्ये हवामान बदलाच्या कराराला मान्यता दिली. पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ मध्ये गेला आणि त्यात १९९४ या वर्षाचा हिशेब होता. त्या वर्षीचे उत्सर्जन सुमारे १२२.८ कोटी टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य होते. दुसरा अहवाल २०१२ मध्ये, तर तिसरा २०२३ च्या डिसेंबरमध्ये सादर झाला. दर दोन वर्षांनी द्यायच्या अद्ययावत अहवालांपैकी पहिला २०१६ मध्ये आणि चौथा ३० डिसेंबर २०२४ रोजी गेला.

चौथ्या अहवालात २०२० या वर्षाचे चित्र आहे. जमीन वापराचा गट वगळून एकूण उत्सर्जन २९५.९ कोटी टन होते. जंगल आणि इतर जमिनीने शोषलेला वायू वजा केल्यावर निव्वळ आकडा २४३.७ कोटी टन होतो. करोनाच्या टाळेबंदीच्या त्या वर्षी निव्वळ उत्सर्जन २०१९ पेक्षा ७.९३ टक्क्यांनी कमी भरले. एकूण उत्सर्जनात ऊर्जेचा वाटा ७५.६६ टक्के, शेतीचा १३.७२, औद्योगिक प्रक्रियांचा ८.०६ आणि कचऱ्याचा २.५६ टक्के होता.

हा हिशेब केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय देते, पण आकडेमोड अनेक संस्थांत वाटलेली असते. शेतीचे काम भारतीय कृषी संशोधन संस्था, जंगलाचे भारतीय वन सर्वेक्षण आणि कचऱ्याचे नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, अशा संस्था करत आल्या आहेत. मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थाही नागपुरातच आहे.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

गुणाकार आणि बेरजा एक्सेलमध्येही होतात. अनेक देश वर्षानुवर्षे तसेच करत होते. अडचण येते ती प्रमाणाची आणि सातत्याची. शेकडो उपगट, तीस-तीस वर्षांची मालिका, प्रत्येक आकड्याचा स्रोत, प्रत्येक गुणांकाचे कारण हे सगळे वेगवेगळ्या फाइलींत विखुरले की तयार करणारा माणूस बदलल्यावर हिशेब पुन्हा जुळवता येत नाही.

म्हणून आयपीसीसीच्या कार्यदलाने स्वतःचे इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर तयार केले. ते मोफत मिळते आणि विंडोजच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालते. त्यात २००६ च्या तत्त्वांतली सूत्रे आणि जगभरासाठीचे सर्वसाधारण गुणांक आधीच भरलेले असतात. देशाने आपले आकडे भरायचे आणि स्वतःचे गुणांक असतील तर ते बदलून टाकायचे. शेती आणि जमिनीसाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने केलेले आणखी एक सॉफ्टवेअरही बरेच देश वापरत आले आहेत.

सॉफ्टवेअरची मुख्य कामे अशी :

• एका वर्षाची पद्धत बदलली की सगळ्या मागच्या वर्षांचा हिशेब त्याच पद्धतीने पुन्हा करणे.
• एकूण उत्सर्जनाचा ९५ टक्के भाग कोणत्या स्रोतांतून येतो ते शोधणे. या स्रोतांना 'प्रमुख गट' म्हणतात आणि त्यांचा हिशेब जास्त काटेकोर असावा अशी अपेक्षा असते.
• प्रत्येक आकड्यातली अनिश्चितता जोडत जाऊन एकूण अनिश्चितता काढणे.
• इंधनाचा हिशेब दोन बाजूंनी तपासणे : देशात किती इंधन आले आणि कुठे किती जळले. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर त्याचे कारण शोधावे लागते.
• तयार आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अहवाल साधनात थेट पाठवता येतील अशा रूपात देणे.

शेवटचा मुद्दा पॅरिस करारामुळे महत्त्वाचा झाला. त्यातल्या पारदर्शकतेच्या चौकटीनुसार विकसित आणि विकसनशील अशा सगळ्या देशांनी एकाच नमुन्याचे तक्ते भरायचे आहेत. नियम २०१८ मध्ये पोलंडमधल्या काटोविचे इथे ठरले, तक्त्यांचे नमुने २०२१ मध्ये ग्लासगोत ठरले आणि पहिल्या अहवालांसाठी ३१ डिसेंबर २०२४ ही मुदत होती.

या तक्त्यांत रकाना रिकामा ठेवता येत नाही. आकडा नसेल तर संकेत लिहावा लागतो : हा स्रोत देशात नाहीच, स्रोत आहे पण मोजलेला नाही, दुसऱ्या रकान्यात धरला आहे, किंवा माहिती गोपनीय आहे. 'शून्य' आणि 'माहीत नाही' यांतला फरक दाखवण्यासाठी ही शिस्त आहे.

युरियाची एक गोणी

वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेतात पडलेली ४५ किलोची युरियाची गोणी या हिशेबात दोन ठिकाणी येते.

युरिया मातीत विरघळताना त्यातला कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. ठरलेल्या गुणांकानुसार एका गोणीमागे हा आकडा ३३ किलो येतो. दुसरा भाग नत्राचा. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीत २०.७ किलो नत्र. त्याचा एक छोटा हिस्सा मातीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. २००६ च्या तत्त्वांत हा हिस्सा एक टक्का धरला आहे. त्या हिशेबाने एका गोणीतून सुमारे ३२५ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो, म्हणजे ८६ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा भार.

२०१९ च्या सुधारणेत या एका टक्क्याचे दोन भाग झाले. रासायनिक खतासाठी ओल्या हवामानात १.६ टक्के, कोरड्या हवामानात ०.५ टक्के. उष्ण कटिबंधात ओले कोणते आणि कोरडे कोणते, हे वर्षाला १,००० मिलिमीटर पावसाच्या रेषेवर ठरते. वर्धा जिल्ह्याचा सरासरी पाऊस या रेषेच्या आसपासच आहे. जिल्हा 'ओल्या' गटात टाकला तर एका गोणीमागे नायट्रस ऑक्साइडचा भार सुमारे १३८ किलो, 'कोरड्या' गटात टाकला तर सुमारे ४३ किलो. शेत तेच, गोणी तीच आणि आकडा तिपटीहून जास्त वेगळा.

असे ठिकाण आले की सॉफ्टवेअर स्वतः निर्णय घेत नाही. कोणत्या वर्षांची सरासरी घ्यायची, पाऊस तालुकावार धरायचा की जिल्ह्याचा, सगळ्या देशासाठी एकच कसोटी कशी लावायची हे माणसाने ठरवून, त्याचे कारण लिहून ठेवावे लागते.

गोणीच्या वजनातही असाच एक खड्डा आहे. २०१८ पूर्वी युरियाची गोणी ५० किलोची असे, नंतर ती ४५ किलोची झाली. विक्रीची नोंद गोण्यांत असेल आणि आकडा भरणाऱ्याने जुनेच वजन धरले, तर खताचा वापर अकरा टक्क्यांनी फुगतो. मालिकेत २०१८ नंतर खत वाढल्यासारखे दिसते, शेतात मात्र तसे काही घडलेले नसते.

गवळाऊ गाय कोणत्या रकान्यात?

आर्वी, आष्टी आणि कारंजा हा गवळाऊ या देशी गोवंशाचा पट्टा. पांढऱ्या-करड्या रंगाचा, हलक्या बांध्याचा, चालीला चपळ असा हा वाण मुख्यतः बैलांसाठी ओळखला जातो.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो. २००६ च्या तत्त्वांत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीसाठी वर्षाला ५८ किलो आणि इतर गुरांसाठी २७ किलो मिथेन असा सर्वसाधारण गुणांक आहे. भारतीय शास्त्रज्ञांनी इथल्या जनावरांवर काम करून काढलेले गुणांक वेगळे आहेत : देशी दुभती गाय २८ किलो, संकरित दुभती गाय ४३ किलो, दुभती म्हैस ५० किलो.

कार्बन डायऑक्साइडच्या मापात सांगायचे तर एका देशी गायीचा वार्षिक भार जागतिक गुणांकाने १,६२४ किलो, भारतीय गुणांकाने ७८४ किलो. निम्म्याहूनही कमी. कारण सरळ आहे : कमी वजन, कमी चारा आणि कमी दूध, त्यामुळे मिथेनही कमी. मात्र तो दर जनावरामागचा आकडा आहे. दर लिटर दुधामागे हिशेब केला तर जास्त दूध देणारी संकरित गाय सरस ठरू शकते. राष्ट्रीय सूची दुधावर चालत नाही, एकूण वायूवर चालते. म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

रकान्याचा प्रश्नही आहे. आयपीसीसीच्या व्याख्येत 'दुभती गाय' म्हणजे विकण्याजोग्या प्रमाणात दूध देणारी प्रौढ गाय. बैल मिळावेत म्हणून पाळलेली, घरापुरते दूध देणारी गवळाऊ गाय त्यात बसते का? आपल्या पशुगणनेत दुभती, भाकड, एकदाही न व्यालेली, गोऱ्हे, कालवडी, शेतीकामाचे बैल असे भाग असतात. त्यांची सॉफ्टवेअरमधल्या गटांशी जोडणी करणे हे सूचीतल्या सर्वांत किचकट कामांपैकी एक आहे. शिवाय पशुगणना दरवर्षी होत नाही. विसावी २०१९ ची, त्यानंतरची ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. मधल्या वर्षांचे आकडे अंदाजाने भरावे लागतात.

तीन पायऱ्या आणि त्यांचा परिणाम

आयपीसीसीने पद्धतींना तीन पायऱ्या दिल्या आहेत. पहिल्या पायरीवर जागतिक सर्वसाधारण गुणांक वापरतात. दुसरीवर देशाने स्वतः मोजलेले गुणांक. तिसरीवर सविस्तर प्रतिमाने किंवा प्रत्यक्ष मोजमाप.

यात फक्त अचूकतेचा प्रश्न नाही. पहिल्या पायरीवर गाईचा गुणांक ठरीव असतो, त्यामुळे उत्सर्जन कमी दाखवण्याचा एकच मार्ग उरतो : जनावरे कमी होणे. शेतकऱ्याने कुटारासोबत सरकीची ढेप आणि हिरवा चारा देऊन जनावराचे पचन सुधारले, तरी सूचीत काहीच बदलत नाही. तीच गोष्ट युरियाची. भारतात २०१५ पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे आणि तो नत्र सावकाश सुटावे म्हणून दिला जातो. पण सर्वसाधारण गुणांकात लेप असलेला आणि नसलेला युरिया सारखाच. जे बदल प्रत्यक्ष झाले ते कागदावर दिसावेत, यासाठी दुसऱ्या पायरीवर चढावे लागते.

याचा सर्वांत मोठा धडा भाताने दिला. १९९० च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या एका अंदाजात भारतातल्या भातशेतीचा मिथेन वर्षाला सुमारे ३.७८ कोटी टन धरला होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने आणि डॉ. ए. पी. मित्र यांच्या नेतृत्वाखाली देशभरातल्या भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन, म्हणजे जवळपास नऊपट कमी. हवामानाच्या वाटाघाटींत कोणत्या देशावर किती जबाबदारी टाकायची हे ठरण्याच्या काळात ही मोजणी झाली नसती, तर भारतीय शेतकऱ्याच्या नावावर न केलेले उत्सर्जन लागले असते.

चूल, गॅस आणि पऱ्हाटी

कपाशी निघाल्यावर उरणारी पऱ्हाटी आणि तुराट्या वर्ध्याच्या खेड्यांत चुलीत जातात किंवा बांधावर जळतात. या धुराचा हिशेब नवख्याला चकवतो. लाकूड किंवा पिकाचे अवशेष जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत. फक्त माहितीसाठी वेगळा नोंदवतात. वार्षिक पिकाने तो कार्बन त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. झाडे तोडून जाळली तर ती घट जमीन वापराच्या गटात दाखवली जाते. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र मोजले जातात.

यामुळे एक विचित्र चित्र दिसते. एखाद्या घराने लाकडाची चूल सोडून सिलिंडर घेतला, तर बाईची धुरातून सुटका होते, पण ऊर्जेच्या रकान्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, कारण एलपीजी हे खनिज इंधन आहे. गोबरगॅस घेतला तर तसे होत नाही. सूची ही हवेतल्या वायूंचा हिशेब आहे, आरोग्याचा किंवा कष्टांचा नाही. केवळ तिच्या आकड्यावरून गावासाठी धोरण ठरवले, तर ते फसू शकते.

वर्ध्यात या प्रश्नाची जुनी जाण आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून चालवले. बिनधुराच्या 'मगन चुली'चे नाव त्याच परिसराशी जोडलेले आहे. आज मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि दत्तपूरचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७० च्या दशकापासून गोबरगॅससारख्या तंत्रांवर काम करत आले आहे.

पोलाद आणि वीज : दोनदा मोजण्याचा धोका

वर्ध्याजवळ भूगाव इथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. झोतभट्टीत कोक घातला जातो, तो खनिजातला ऑक्सिजन काढून घेण्यासाठी; उष्णताही त्यातूनच मिळते. आयपीसीसीच्या नियमानुसार या कोकचे उत्सर्जन औद्योगिक प्रक्रियांत धरायचे. पण देशातल्या एकूण कोळशाच्या नोंदीत तोच कोळसा ऊर्जेखालीही असतो. एका बाजूने वजा केला नाही तर तो दोनदा मोजला जातो. भट्टीतून निघणारा वायू वीज तयार करायला वापरला असेल, तर गुंता आणखी वाढतो.

विजेचा नियम सोपा आहे : कोळसा जिथे जळतो तिथे उत्सर्जन धरायचे. वर्ध्याच्या घरातला दिवा कोराडी किंवा चंद्रपूरच्या विजेवर लागत असला, तरी धूर त्या केंद्रांच्या नावावर. राष्ट्रीय हिशेबात याने फरक पडत नाही, जिल्ह्याच्या हिशेबात मोठा पडतो.

विजेशी जोडलेला एक अदृश्य स्रोतही जिल्ह्यात आहे. वर्ध्याच्या ७६५ किलोव्होल्ट क्षमतेच्या उपकेंद्रासारख्या ठिकाणी उच्च दाबाच्या सर्किट ब्रेकरमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरतात. त्याचा एक किलो २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरला जातो. गळती ग्रॅममध्ये असली तरी नोंद ठेवावी लागते, आणि ती उपकेंद्राच्या देखभाल वहीतूनच मिळू शकते.

कचऱ्याला जुना इतिहास लागतो

कचऱ्याच्या ढिगातून यंदा निघणारा मिथेन फक्त यंदाच्या कचऱ्यातून येत नाही. ओला कचरा वर्षानुवर्षे कुजत राहतो. त्यामुळे हिशेबाला कित्येक दशकांचा आकडा लागतो. आयपीसीसीचे प्रतिमान १९५० पासून सुरू होते. वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या नगरपरिषदेकडे १९६० चे कचऱ्याचे वजन असण्याची शक्यता नाही. मग लोकसंख्येवरून मागे जात अंदाज करावा लागतो.

ढीग कसा आहे यालाही महत्त्व आहे. पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या, व्यवस्थापन नसलेल्या ढिगात हवा खेळती राहते. त्यासाठी मिथेनचा गुणक ०.४. खोल, पण अव्यवस्थित ढिगासाठी ०.८. हवा आत जाणार नाही अशा व्यवस्थित भराव क्षेत्रासाठी १. म्हणजे छोट्या शहराचा उघडा उकिरडा दर टनामागे कमी मिथेन देतो. याचा अर्थ उघडा ढीग चांगला असा होत नाही; त्यातून सुटणारे दूषित पाणी, धूर आणि रोगराई या हिशेबात येतच नाहीत.

तांत्रिक सल्लागार काय करतो?

सॉफ्टवेअर मोफत असूनही सल्लागार का लागतो, याचे उत्तर वरच्या उदाहरणांत आहे. विकसनशील देशांना या कामासाठी जागतिक पर्यावरण सुविधा या निधीतून पैसे मिळतात. भारताचे अहवालही त्याच मदतीतून आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने झाले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि देशांची मंत्रालये अशा कामांसाठी तज्ज्ञ नेमतात. त्यांचे काम साधारण तीन प्रकारचे असते.

पहिला प्रकार सॉफ्टवेअरच्या बांधणीतला : सूत्रे मार्गदर्शक तत्त्वांशी जुळतात का हे तपासणे, चाचणीचे आकडे घालून चुका शोधणे, नव्या तक्त्यांशी जोडणी करणे. २०१९ च्या सुधारणेसारखा बदल आला की प्रत्येक कोष्टक पुन्हा पाहावे लागते.

दुसरा प्रकार देशाच्या आकड्यांचा : देशी गटांची जोडणी, एककांचे रूपांतर, स्वतःचे गुणांक भरणे, तुटलेली मालिका भरून काढणे, दोनदा मोजलेले शोधणे. यात संगणकाइतकेच शेती, इंधन आणि सरकारी नोंदींचे ज्ञान लागते.

तिसरा प्रकार प्रशिक्षणाचा. सल्लागार निघून गेल्यावर पुढचा अहवाल देशाच्या माणसांना स्वतः करता आला पाहिजे. म्हणून प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद ठेवणे हा कामाचा भाग आहे. नोंदी न ठेवता आकडे भरले, तर दोन वर्षांनी तेच काम पहिल्यापासून करावे लागते.

कुठे मेहनत घ्यायची हे ठरवायला अनिश्चिततेचा हिशेब उपयोगी पडतो. घडामोडीच्या आकड्यात १० टक्के आणि गुणांकात ५० टक्के अनिश्चितता असेल, तर एकत्र ती ५१ टक्के होते. जनावरांची मोजणी कितीही काटेकोर केली तरी हा आकडा ५० च्या खाली येणार नाही. सुधारायचा असेल तर गुणांकच सुधारावा लागेल. देशी गायीच्या भारतीय गुणांकात ही अनिश्चितता १८ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा फायदा दिसतो.

जिल्ह्याचा वेगळा हिशेब करता येतो का?

येतो, पण तो राष्ट्रीय सूचीचा तुकडा नसतो. देशाची सीमा पक्की असते, जिल्ह्याची सच्छिद्र. नागपूर–वर्धा रस्त्यावरचा ट्रक डिझेल नागपुरात भरतो, धूर सेलूत सोडतो. वीज बाहेरून येते, कापूस आणि पोलाद बाहेर जाते. त्यामुळे 'जिल्ह्यात जळले ते' आणि 'जिल्ह्याने वापरले ते' असे दोन हिशेब निघतात आणि दोन्ही खरे असतात. राज्यपातळीवरचे अंदाज काही स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन प्रसिद्ध केले आहेत. महाराष्ट्र सरकारचे २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले माझी वसुंधरा अभियान गावे आणि शहरांचे मूल्यमापन करते, मात्र ते गुणांकनाचे काम आहे, वायूंचा हिशेब नव्हे.

जिल्ह्यातला कच्चा माल मात्र उपलब्ध आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन', २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, खतविक्रीच्या पॉस यंत्रांवरच्या नोंदी, पशुगणना, नगरपरिषदांचे कचऱ्याचे वजनकाटे या सगळ्यांतून घडामोडीचे आकडे मिळू शकतात. तलाठ्याच्या दप्तरात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वहीत पडलेली चुकीची नोंद सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही. ती कोट्यवधीच्या बेरजेत मिसळून जाते आणि मग सापडत नाही.

या आकड्यांवर काय अवलंबून आहे?

२००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत अर्थव्यवस्थेच्या दर रुपयामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी कमी झाले, असे भारत जगाला सांगतो तेव्हा त्यामागे हीच सूची असते. पुढची उद्दिष्टे, मिळणारा निधी आणि वाटाघाटींतली भूमिका तिच्यावरच उभी राहते. देशांतर्गत कोणत्या क्षेत्रावर बंधने घालायची आणि कोणाला सवलत द्यायची, याची चर्चाही तिच्यापासूनच सुरू होते.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यासाठी प्रश्न सोपा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची गोणी, गवळ्याची गाय आणि गावाची चूल कुणा परक्या सरासरीने मोजली जाणार की इथे मोजलेल्या आकड्याने? सॉफ्टवेअर दोन्ही स्वीकारते. दुसरा पर्याय वापरायचा असेल तर तो आकडा आधी कोणीतरी शेतात आणि गोठ्यात जाऊन मोजलेला असावा लागतो.